डॅनिश जहाज कंपन्यांचे ध्वज

डॅनिश जहाज कंपन्यांचे ध्वज : डेन्मार्कमधील जहाजवाहतूक कंपन्यांनी आपल्या जहाजांची मालकी दर्शविण्यासाठी वापरलेले ध्वज. इंग्रजीत अशा ध्वजास ‘हाऊस फ्लॅग’ म्हणतात. डॅनिश भाषेतील ‘कॉन्टोरफ्लाग’ या संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘पेढीचा ध्वज’ असा होतो. जहाजावरील राष्ट्रध्वज ते जहाज कोणत्या राज्याच्या कायद्याखाली व संरक्षणाखाली आहे हे सांगतो, तर कंपनी-ध्वज ते कोणाच्या मालकीचे अथवा व्यवस्थापनाखालील आहे हे सांगतो. डेन्मार्क हे लहान परंतु दीर्घ काळ सागरी व्यापारावर जगलेले राष्ट्र असल्याने या दोन खुणांमधील नाते तेथील इतिहासात वेळोवेळी बदलत गेले. अठराव्या शतकात राष्ट्रध्वज हेच डॅनिश व्यापाऱ्यांचे मोठे भांडवल होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपन्यांच्या खुणा पुढे आल्या. दुसऱ्या महायुद्धात अनेक जहाजांवरून राष्ट्रध्वज उतरला. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जहाज परदेशात नोंदले असले तरी कंपनीची खूण मात्र कायम, अशी स्थिती दिसू लागली.

स्वरूप व उपयोग : व्यापारी जहाजावर एकाच वेळी अनेक ध्वज असू शकतात. मागील टोकाच्या काठीवर नोंदणीच्या देशाचा राष्ट्रध्वज असतो. परक्या बंदरात शिरताना त्या देशाचा ध्वज सौजन्य म्हणून उंच जागी लावतात. वाटाड्या जहाजावर असल्याचे, आजाराचे, धोक्याचे किंवा निघण्याच्या तयारीचे संदेश संकेतध्वजांनी दिले जातात. या सर्वांहून वेगळा असा कंपनी-ध्वज परंपरेने मुख्य डोलकाठीच्या माथ्यावर, विशेषतः बंदरात येताना व बंदर सोडताना, चढवितात. नवे जहाज बांधून पूर्ण झाले, की चाचणीफेरीपर्यंत त्यावर जहाजबांधणी कारखान्याचा ध्वज असतो. कागदपत्रांवर सह्या झाल्यावर तो उतरवून मालक कंपनीचा ध्वज चढविणे हा हस्तांतराच्या समारंभाचा भाग असतो. आंतरराष्ट्रीय कायद्यात मात्र कंपनी-ध्वजाला स्वतंत्र स्थान नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारानुसार जहाजाचे राष्ट्रीयत्व ते ज्या राज्याचा ध्वज लावण्यास पात्र आहे, त्यावरून ठरते.

बिनतारी संदेशवहनाच्या पूर्वी या ध्वजांचा उपयोग अगदी व्यावहारिक होता. महिनोन्‌महिने बेपत्ता असलेले जहाज क्षितिजावर दिसले, की ते कोणाचे हे बंदरातील मालक, विमा उतरविणारे, दलाल व गोदीतील मुकादम यांना लवकरात लवकर कळणे महत्त्वाचे असे. इंग्लंडमधील लिव्हरपूलजवळील बिडस्टन टेकडीवर व्यापाऱ्यांसाठी ध्वजस्तंभांची रांगच उभारण्यात आली होती. जहाज बंदरात पोहोचण्यापूर्वीच त्याच्या मालकाचा ध्वज तेथे चढविला जाई. दुरून, वाऱ्यापावसात व दुर्बिणीतून ओळखू यावेत म्हणून असे ध्वज दोन किंवा तीन ठळक रंगांत, मोठ्या आकृतीचे व बारीक नक्षीविरहित ठेवीत. पांढरा, लाल, निळा व पिवळा हे रंग, आणि क्रॉस, तारा, आडवे पट्टे किंवा कंपनीच्या नावाचे आद्याक्षर या आकृती त्यांत वारंवार आढळतात. वाफेची जहाजे आल्यानंतर डोलकाठ्यांचे महत्त्व कमी झाले व धुराडे हे खूण रंगविण्यास सोयीचे ठिकाण ठरले. तेव्हापासून ध्वज व धुराड्यावरील खूण यांची जोडी रूढ झाली. लंडनच्या लॉइड्‌स या संस्थेने १९१२ मध्ये जगातील कंपन्यांचे ध्वज व धुराडी यांचे रंगीत पुस्तक प्रसिद्ध केले, यावरून त्या काळी या खुणा ओळखण्याची किती गरज होती हे दिसते.

राष्ट्रध्वज व दुभंग ध्वज : डेन्मार्कच्या राष्ट्रध्वजास ‘डॅनेब्रोग’ म्हणतात. तांबड्या पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस असे त्याचे स्वरूप असून क्रॉसची उभी पट्टी काठीच्या बाजूस सरकलेली असते. १५ जून १२१९ रोजी एस्टोनियातील लढाईच्या वेळी हा ध्वज आकाशातून पडला, अशी दंतकथा आहे. या ध्वजाचे दोन प्रकार आहेत. आयताकृती ध्वज व्यापारी जहाजे व सामान्य नागरिक यांच्यासाठी असून, मुक्त टोकाशी त्रिकोणी खाच असलेला दुभंग ध्वज (डॅनिश : स्प्लिटफ्लाग) राजघराणे, आरमार व शासकीय संस्था यांच्यासाठी राखीव आहे. ११ जुलै १७४८ च्या राजाज्ञेने व्यापारी जहाजांवरील ध्वजाची प्रमाणे निश्चित करण्यात आली. विशेष हे, की जमिनीवर खाजगी नागरिकांना राष्ट्रध्वज लावण्याची सर्वसाधारण मुभा १८५४ मध्ये मिळाली. समुद्रावर मात्र व्यापारी जहाजांवर तो त्यापूर्वी दीर्घ काळ फडकत होता. सामान्य डॅनिश माणसाच्या दृष्टीने डॅनेब्रोग हा प्रथम जहाजांचा ध्वज होता.

दुभंग ध्वज वापरण्याची राजाची परवानगी हा मोठा बहुमान समजला जाई. तो लावणारे जहाज खाजगी असूनही राजसत्तेच्या जवळचे आहे, असा त्याचा अर्थ होई. अशी परवानगी मिळालेल्या संस्था आपल्या खुणेची भर घालून तो वापरीत. उदा., टपाल नेणाऱ्या जहाजांच्या दुभंग ध्वजावर मुकुट व टपालाचे शिंग यांची आकृती असे. रॉयल ग्रीनलंड ट्रेड या शासकीय व्यापारसंस्थेच्या दुभंग ध्वजाच्या वरच्या कोपऱ्यात एकमेकांस छेदणारे दोन पांढरे हार्पून, म्हणजे देवमासे मारण्याचे भाले, दाखविलेले असत. अशा रीतीने डॅनिश कंपनी-ध्वजांचा एक प्रवाह राष्ट्रध्वजातूनच निघाला.

सनदी कंपन्यांचा काळ : राजा चौथा क्रिस्तीआन याने १६१६ मध्ये डॅनिश ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. ओवे गेड्डे याच्या नेतृत्वाखालील मोहिमेने १६२० मध्ये तंजावरचा रघुनाथ नायक याच्याशी करार करून कोरोमंडल किनाऱ्यावरील तरंगमबाडी (त्रांकेबार) हे ठिकाण मिळविले व तेथे डान्सबोर्ग हा किल्ला बांधला. १६७६ च्या सुमारास तंजावरचे राज्य व्यंकोजी भोसले यांच्या हाती आल्यावर डॅनिश वखारीचा संबंध तंजावरच्या मराठी राजांशी आला व वार्षिक खंडणी त्यांच्याकडे जाऊ लागली. पुढे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांचे शिक्षण ज्याच्या देखरेखीखाली झाले, तो क्रिस्तीआन फ्रीड्रिख श्वार्ट्‌स हा धर्मोपदेशक १७५० मध्ये प्रथम याच डॅनिश वसाहतीत उतरला होता. १७३२ मध्ये स्थापन झालेल्या एशियाटिक कंपनीने चीन व हिंदुस्थान यांच्याशी व्यापार वाढविला; तिच्या जहाजांना दुभंग ध्वजाचा मान होता. बंगालमधील श्रीरामपूर येथे १७५५ मध्ये डॅनिशांची दुसरी वसाहत झाली.

या कंपन्यांच्या भरभराटीचे मुख्य कारण डेन्मार्कचे सामर्थ्य नव्हते, तर तटस्थता होती. ब्रिटन, फ्रान्स व हॉलंड यांच्यातील युद्धांत त्या देशांची व्यापारी जहाजे एकमेकांच्या तडाख्यात सापडत; डॅनेब्रोग लावलेले जहाज मात्र पुष्कळदा सुखरूप पोहोचे. १७४६ मध्ये अल्जिअर्सशी तह करून डेन्मार्क-नॉर्वेने भूमध्य समुद्रातील चाचेगिरीपासूनही आपल्या जहाजांचा बचाव केला. त्यासाठी जहाजाकडे ध्वजाबरोबर खास परवाना असावा लागे. त्यामुळे डॅनिश ध्वजाला बाजारात किंमत आली. हिंदुस्थानात पैसा कमावलेले ईस्ट इंडिया कंपनीचे इंग्रज नोकर आपली संपत्ती युरोपात पाठविण्यासाठी डॅनिश जहाजांचा उपयोग करीत. अनेक परकीय मालक कागदोपत्री डॅनिश होऊन या ध्वजाखाली व्यापार करीत. १७७५ ते १८०७ हा काळ डॅनिश इतिहासकार भरभराटीचा व्यापारी काळ म्हणून ओळखतात.

परंतु ध्वजाने मालाचे रक्षण होते, हे तत्त्व सागरी सत्तेला मान्य असेपर्यंतच टिकणारे होते. जुलै १८०० मध्ये ‘फ्राया’ या डॅनिश फ्रिगेटने आपल्या संरक्षणाखालील व्यापारी जहाजांची झडती घेऊ देण्यास नकार दिला, तेव्हा ब्रिटिश युद्धनौकांनी तिच्यावर गोळीबार करून तिला पकडले. या वादातून डेन्मार्क सशस्त्र तटस्थतेच्या संघात सामील झाला व २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनची लढाई घडली. सप्टेंबर १८०७ मध्ये ब्रिटिशांनी कोपनहेगन शहरावर तोफा डागून डॅनिश आरमार ताब्यात घेतले. तरंगमबाडी व श्रीरामपूर १८०८ मध्ये ब्रिटिशांकडे गेली व १८१५ मध्ये परत मिळाली; पण त्यांचा व्यापार पुन्हा सावरला नाही. १८१४ मध्ये नॉर्वेही डेन्मार्कच्या हातून गेला. एशियाटिक कंपनी १८४० च्या दशकात बंद झाली व १८४५ मध्ये या दोन्ही वसाहती साडेबारा लाख रुपयांना ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीला विकण्यात आल्या. राजाच्या ध्वजावर आधारलेला व्यापार येथे संपला.

वाफेची जहाजे व नव्या कंपन्या : १८५७ मध्ये ओरेसुंड सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांवरील जकात आंतरराष्ट्रीय कराराने रद्द झाली. पंधराव्या शतकापासून एल्सिनोर येथे थांबून, क्रोनबोर्ग किल्ल्यास मान देऊन व जकात भरून जहाजांना बाल्टिक समुद्रात जावे लागे. ही जकात गेल्यावर डेन्मार्कला सामुद्रधुनीच्या मालकीऐवजी स्वतःच्या जहाजांच्या कमाईवर अवलंबून राहावे लागले. तोपर्यंत स्वेनबोर्ग, मार्स्टाल, फॅनो बेट अशा ठिकाणची शिडाची जहाजे कप्तान, व्यापारी व स्थानिक रहिवासी यांच्या भागीदारीत चालत. एकेका जहाजाचे वेगळे भागीदार असल्याने त्यांना सामाईक ध्वजाची फारशी गरज नव्हती. वाफेच्या जहाजांना मोठे भांडवल, ठरलेल्या फेऱ्या व अनेक जहाजांचा ताफा लागे. त्यामुळे भागभांडवली कंपन्या निघाल्या व ताफ्याला एकरूपता देणारा कंपनी-ध्वज आवश्यक झाला.

डीएफडीएस : या कंपन्यांत अग्रगण्य ठरलेली ‘संयुक्त आगबोट कंपनी’ (डॅनिश आद्याक्षरांवरून डीएफडीएस) ही बँकव्यवसायी कार्ल फ्रेडरिक टीटगेन (१८२९–१९०१) याने ११ डिसेंबर १८६६ रोजी तीन प्रमुख आगबोट कंपन्यांचे एकत्रीकरण करून स्थापन केली. निळा व पांढरा या रंगांतील आठ टोकांचा माल्टीज क्रॉस हे तिचे चिन्ह, तर काळ्या धुराड्यावरील रुंद तांबडा पट्टा ही तिच्या जहाजांची ओळख. राष्ट्रध्वजाशी गल्लत होऊ नये, परंतु क्रॉसाची परंपरा तर दिसावी, अशी ही रचना आहे. एस्ब्यर्ग ते हार्विच या मार्गाने डॅनिश लोणी व डुकराचे मांस इंग्लंडच्या बाजारात नेण्याचे काम या कंपनीने अनेक दशके केले. १८७५ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०१४ मध्ये बंद झाली. १८९८ पासून ती कोपनहेगन–न्यूयॉर्क मार्गावर देशांतरितांची ने-आण करू लागली. याच मार्गावरील तिचे ‘नॉर्गे’ हे जहाज २८ जून १९०४ रोजी रॉकॉल या खडकाजवळ आपटून बुडाले व सहाशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. देशांतर करणाऱ्या कुटुंबांना जहाज कंपनीची ओळख तिकिटावरील, भित्तिपत्रकावरील व धुराड्यावरील खुणेने होत असे. त्यामुळे ती खूण विश्वासाचे वा भीतीचे कारण बनू शकत असे.

ईस्ट एशियाटिक कंपनी : हान्स निल्स आनर्सन (१८५२–१९३७) याने १८९७ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीने सयाममधील साग व पूर्वेकडील अन्य मालाच्या व्यापारास जहाजवाहतुकीची जोड दिली. तिच्यासाठी बुर्माइस्टर अँड वेन या कोपनहेगनच्या कारखान्याने बांधलेले ‘सेलांडिया’ हे १९१२ चे जहाज महासागरी प्रवास करणाऱ्या डीझेल जहाजांचे अग्रदूत ठरले. फेब्रुवारी १९१२ मध्ये ते बँकॉकच्या पहिल्या फेरीस निघाले. वाटेत लंडन येथे ब्रिटिश आरमारखात्याचा मंत्री विन्स्टन चर्चिल याने ते पाहिले. सेलांडियाला नेहमीचे धुराडेच नव्हते. एंजिनाचा धूर डोलकाठीतून बाहेर सोडला जाई. त्यामुळे ज्या काळात इतर कंपन्यांची ओळख धुराड्यावर रंगविलेली असे, त्या काळात या जहाजाची ओळख पुन्हा ध्वजावर व धुराड्याच्या अभावावर अवलंबून राहिली. याच कंपनीचे ‘कोबेनहाव्हन’ हे पाच डोलकाठ्यांचे प्रशिक्षण जहाज १४ डिसेंबर १९२८ रोजी ब्वेनस एअरीझहून निघाले आणि त्यावरील तरुण प्रशिक्षणार्थींसह नाहीसे झाले. १९३४ मध्ये बांधलेले ‘युटलांडिया’ हे जहाज कोरियाच्या युद्धात (१९५१–५३) रुग्णालय म्हणून पाठविण्यात आले. त्यावर डॅनिश राष्ट्रध्वज, संयुक्त राष्ट्रांचा ध्वज व रेडक्रॉसचा ध्वज असे तीन ध्वज होते. कंपनीच्या मालकीचे जहाज अशा वेळी कंपनीचे म्हणून नव्हे, तर या तीन ध्वजांचे म्हणून ओळखले गेले. १९९३ मध्ये कंपनीची कंटेनर वाहतूक मर्स्क कंपनीने घेतली.

ध्रुवीय प्रदेशातील जहाजे : डिट्‌लेव्ह लाउरिट्‌सन (१८५९–१९३५) याने १८८४ मध्ये एस्ब्यर्ग येथे सुरू केलेल्या जे. लाउरिट्‌सन या कंपनीने जहाजाची संपूर्ण बाहेरील बाजू लाल रंगविण्याची प्रथा पाडली. बर्फात दुरून दिसणाऱ्या या रंगामुळे ध्रुवीय समुद्रातील तिची जहाजे जगभर ओळखीची झाली. ‘किस्टा डॅन’ या जहाजाने १९५४ मध्ये अंटार्क्टिकावर ऑस्ट्रेलियाचे मॉसन हे ठाणे स्थापन करणारी मोहीम नेली. येथे कंपनीची खूण कापडावरून निघून सबंध जहाजावर पसरलेली दिसते.

ग्रीनलंडच्या व्यापाराची मक्तेदारी १७७४ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल ग्रीनलंड ट्रेड या संस्थेकडे होती व ती १९५० पर्यंत टिकली. तेथील एकाकी वस्त्यांना वर्षातून फार थोड्या वेळा जहाज दिसे. त्यावरील हार्पूनचा ध्वज म्हणजे धान्य, औषधे, पत्रे आणि सरकारही. या संस्थेसाठी बांधलेले ‘हान्स हेट्टॉफ्ट’ हे जहाज ३० जानेवारी १९५९ रोजी आपल्या पहिल्याच फेरीहून परतताना केप फेअरवेलजवळ हिमनगावर आदळून बुडाले. त्यावरील ९५ जणांपैकी कोणीही वाचले नाही. काही महिन्यांनी आइसलंडच्या किनाऱ्यास लागलेले जहाजाचे एक जीवरक्षक कडे एवढाच त्याचा मागमूस मिळाला.

मर्स्कचा तारा : डॅनिश कंपनी-ध्वजांपैकी सर्वांत परिचित ध्वज मर्स्क या कंपनीचा होय. फिकट निळ्या पार्श्वभूमीवर सात कोनांचा पांढरा तारा असे त्याचे स्वरूप आहे. पीटर मर्स्क मोलर (१८३६–१९२७) हा कप्तान होता. १८८६ मध्ये त्याने ‘लॉरा’ ही आगबोट घेतली व तिच्या काळ्या धुराड्यावर निळा पट्टा रंगवून त्यावर पांढरा तारा काढला. त्याच वर्षी पत्नी ॲना हिला लिहिलेल्या पत्रात त्याने या ताऱ्याचे कारण सांगितले आहे. ती गंभीर आजारी असताना एका रात्री त्याने ईश्वराची प्रार्थना केली व ढगाळ आकाशात एखादा तारा दिसावा, अशी खूण मागितली. तारा दिसला व पत्नी बरी झाली. धुराड्यावरील तारा त्या रात्रीची आठवण म्हणून होता. व्यापारी खुणा बहुधा मालकाचे नाव, गाव किंवा माल यांवरून ठरत असताना एका कुटुंबातील खाजगी कृतज्ञतेतून निघालेली खूण जागतिक व्यापाराचे चिन्ह व्हावी, हे लक्षणीय आहे.

पीटर मोलर व त्याचा मुलगा आर्नल्ड पीटर मोलर (१८७६–१९६५) यांनी १९०४ मध्ये स्वेनबोर्ग आगबोट कंपनी स्थापन केली. १९१२ मध्ये दुसरी कंपनी काढण्यात आली. दोन्ही कंपन्यांची जहाजे एकाच ताऱ्याखाली चालत. या दोन कंपन्या २००३ मध्ये एकत्र करण्यात आल्या. १९७५ मध्ये ‘एड्रिअन मर्स्क’ या जहाजाने कंपनीने नियमित कंटेनर वाहतुकीस आरंभ केला. त्यानंतर तारा ध्वज व धुराडे यांपुरता राहिला नाही. पोलादी पेट्यांवर छापलेला तो रेल्वेच्या वाघिणी, मालमोटारी व गोदामे यांतून समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर पोहोचला. मुंबईजवळील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात या उद्योगसमूहाच्या भागीदारीतील कंटेनर धक्का २००६ मध्ये सुरू झाला. बंदराकडे येणाऱ्या रस्त्यांवर हा निळा-पांढरा तारा महाराष्ट्रातील वाचकांच्या नेहमी पाहण्यात येतो.

महायुद्धे व ध्वज : पहिल्या महायुद्धात डेन्मार्क तटस्थ होता. पाणबुड्यांना दुरून कळावे म्हणून डॅनिश जहाजांच्या बाजूंवर राष्ट्रध्वज व देशाचे नाव मोठ्या आकारात रंगविण्यात येई. १ फेब्रुवारी १९१७ रोजी जर्मनीने अनिर्बंध पाणबुडीयुद्ध सुरू केल्यावर या रंगाचा उपयोग उरला नाही. या युद्धात शेकडो डॅनिश खलाशी मरण पावले. त्यांचे स्मारक कोपनहेगनच्या लँगेलिनी धक्क्यावर १९२८ मध्ये उभारण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धात प्रश्न अधिक बिकट झाला. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने डेन्मार्क व्यापला तेव्हा डॅनिश व्यापारी ताफ्याचा मोठा भाग परदेशी समुद्रांत होता. कोपनहेगनहून येणाऱ्या आज्ञा आता जर्मनांच्या दडपणाखालील असणार, हे उघड होते. मर्स्क कंपनीने आक्रमणाच्या आदल्या दिवशीच आपल्या जहाजांना तारा पाठवून, देश व्यापला गेल्यास न्यूयॉर्कमधील प्रतिनिधींच्या आज्ञा पाळाव्यात असे कळविले होते. मर्स्क मॅकिनी मोलर (१९१३–२०१२) त्यानंतर अमेरिकेस गेला व युद्ध संपेपर्यंत तेथेच राहिला. ब्रिटिशांच्या ताब्यातील बंदरांत सापडलेली डॅनिश जहाजे जप्त होऊन ब्रिटिश व्यापारी ध्वजाखाली चालू लागली. अमेरिकेने तेथील बंदरांतील डॅनिश जहाजे १९४१ मध्ये ताब्यात घेतली व त्यांतील पुष्कळ पनामाच्या ध्वजाखाली गेली. युद्धकाळात जहाजे करड्या रंगाची झाली व कंपन्यांच्या खुणाही पुसल्या गेल्या. म्हणजे राष्ट्राची व मालकाची अशा दोन्ही खुणा एकाच वेळी नाहीशा झाल्या. उरले ते फक्त खलाशी.

सुमारे पाच हजार डॅनिश खलाशांनी दोस्त राष्ट्रांच्या बाजूने काम केले. ब्रिटनमध्ये न्यूकॅसल हे त्यांचे प्रमुख केंद्र होते. अनेकांचा जीव अटलांटिकमधील व रशियाकडे जाणाऱ्या ताफ्यांत गेला. नॉर्वे व हॉलंड यांची सरकारे लंडनमध्ये असल्याने त्या देशांची जहाजे स्वतःच्या राष्ट्रध्वजाखाली लढ्यात होती; डेन्मार्कचे सरकार मात्र कोपनहेगनमध्येच राहिल्याने डॅनिश खलाशांना परक्या ध्वजाखाली काम करावे लागले. ही गोष्ट त्यांना सलत असे. मातृदेश शरण गेला असताना समुद्रावर मरण पत्करणाऱ्या या लोकांची योग्य दखल युद्धानंतर दीर्घ काळ घेतली गेली नाही, ही तक्रार डॅनिश सार्वजनिक जीवनात पुढे अनेकदा मांडण्यात आली.

नोंदणी, मालकी व खूण : युद्धोत्तर काळात वेतनखर्च व कर यांमुळे अनेक युरोपीय मालकांनी जहाजे परदेशी नोंदवहीत नेली. ही गळती रोखण्यासाठी डेन्मार्कने १९८८ मध्ये ‘डॅनिश आंतरराष्ट्रीय जहाज नोंदवही’ सुरू केली. तीत नोंदलेल्या जहाजांवर डॅनेब्रोग कायम राहतो. परंतु डेन्मार्कबाहेर राहणाऱ्या खलाशांना त्यांच्या देशातील करारांनुसार वेतन देता येते, आणि डॅनिश कामगार संघटनांना फक्त डेन्मार्कमधील रहिवासी खलाशांपुरतेच करार करता येतात. या तरतुदीवर कामगार संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी टीका केली. ध्वज टिकला, पण त्याखाली काम करणाऱ्या सर्वांना तो सारखेच हक्क देतो का, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. अशा जहाजांवर फिलिपीन्स व भारत येथील खलाशी मोठ्या संख्येने असल्याने हा प्रश्न डेन्मार्कपुरता राहिलेला नाही.

दुसरीकडे सिंगापूर, अमेरिका आदी देशांत नोंदलेल्या जहाजांवरही मर्स्कचा तारा असतो. दोन खुणांमधील हा फरक संकटकाळी स्पष्ट होतो. ८ एप्रिल २००९ रोजी सोमालियाजवळ चाच्यांनी ‘मर्स्क अलाबामा’ या जहाजावर हल्ला केला. त्यावर डॅनिश तारा होता, पण राष्ट्रध्वज अमेरिकेचा होता. त्यामुळे कप्तानाच्या सुटकेसाठी अमेरिकेचे आरमार आले. २८ एप्रिल २०१५ रोजी इराणने होर्मूझच्या सामुद्रधुनीत ‘मर्स्क टायग्रिस’ हे जहाज अडविले. ते मार्शल बेटांत नोंदलेले असून मर्स्कने केवळ भाडेकराराने घेतले होते. वाद मात्र मर्स्कने पूर्वी नेलेल्या काही कंटेनरांविषयी होता. जहाज ७ मे रोजी सुटले. पहिल्या प्रसंगी संरक्षण राष्ट्रध्वजामुळे मिळाले. दुसऱ्यात मर्स्कविरुद्धच्या दाव्याची झळ मर्स्कच्या मालकीच्या नसलेल्या जहाजास व त्यावरील खलाशांस सोसावी लागली.

संग्रह : एल्सिनोर येथील डॅनिश सागरी संग्रहालयाची स्थापना १९१५ मध्ये झाली. ते प्रथम क्रोनबोर्ग किल्ल्यात होते व २०१३ मध्ये शेजारच्या जुन्या सुक्या गोदीभोवती बांधलेल्या भूमिगत इमारतीत गेले. जहाजांची चित्रे, प्रतिकृती, ध्वज व कंपन्यांची कागदपत्रे यांच्या अशा संग्रहांमुळे या खुणांचा अभ्यास करता येतो. जुन्या कप्तानांनी बंदरोबंदरी काढवून घेतलेल्या जहाजचित्रांत शिडे, दोर व ध्वज यांचे चित्रण काळजीपूर्वक केलेले असल्याने ती विशेष उपयुक्त ठरतात. आता जहाजाची ओळख व स्थान स्वयंचलित रेडिओ यंत्रणेने कळत असल्याने दुर्बिणीतून ध्वज ओळखण्याची गरज उरलेली नाही. तरीही नवे जहाज ताब्यात घेताना, राष्ट्रीय दिवशी किंवा खलाशाच्या निधनानंतर तो अर्ध्यावर उतरविताना कंपनी-ध्वज वापरला जातो. मालकीची खूण म्हणून निघालेले हे कापड त्याखाली काम केलेल्या माणसांच्या दृष्टीने सेवेची व सोबत्यांची आठवणही असते.